बाटलीतून वाचायची अक्षरं

माझ्या हातून झालेली एक चूक बसऱ्यापासून मोंबाशापर्यंत लोकांनी वर्षानुवर्षं डोक्याला चोळलेली आहे. हे वाक्य मी ज्याला सांगतो तो आधी माझ्या तोंडाचा वास घेतो. खुशाल घ्या. मी चहापलीकडे काही पीत नाही, आणि जे सांगतो त्यातलं रुपयात बारा आणे तरी खरं असतं. उरलेल्या चार आण्यांशिवाय गोष्टीला चव येत नाही, हे या अंकाच्या संपादकांनाही ठाऊक आहे. म्हणून तर त्यांनी एखाद्या विद्वानाला सोडून मला लिहायला बसवलं.

मी पंच कापणारा. हा धंदा आता बघायला मिळत नाही, म्हणून समजावून सांगतो. पोलादाची करंगळीएवढी कांडी घ्यायची आणि तिच्या टोकावर कानशीने, टोचणीने एक अक्षर कापायचं. तेही उलटं, आरशात दिसावं तसं. या कांडीला म्हणायचं पंच. तो तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की तिथे अक्षराचा खळगा पडतो. खळग्यात वितळलेलं शिसं ओतलं की निघतो छापखान्याचा खिळा. जुळारी ते खिळे ओळीने जुळवतो, शाई लावतो, आणि मग तुम्ही घरबसल्या वाचता. पंच उलटा, खळगा सुलटा, खिळा उलटा, कागद सुलटा. एवढं लक्षात ठेवलं की माझी नोकरी कशाला टांगली होती ते कळेल.

त्याआधी मी कल्याणच्या बाजारपेठेत भांड्यांवर नावं घालत असे. ‘चि. सौ. कां. कुसुम हिस मामांकडून सप्रेम भेट’ एवढा मजकूर मी वाटीच्या बुडाला बसवायचो, आणि मामा चिकट असला तर चमच्याला. असलाच एक चमचा ठाण्याच्या भाऊसाहेबांनी कुठल्याशा जेवणावळीत पाहिला. खिशातून भिंग काढून पाहिला, आमटी निवेपर्यंत पाहिला. भाऊसाहेबांची ठाण्यात टाइप फौंड्री होती आणि त्यांची नजर अशी, की पळत्या मांजराच्या मिशीची जाडी सांगतील. दुसऱ्या दिवशी ते माझ्या दुकानाच्या फळीपुढे उभे राहिले आणि म्हणाले, “चमच्यावर हात वाया घालवू नकोस. माझ्याकडे ये. वर्षभर उमेदवारी कर. जमलं तर राहा, नाही जमलं तर ही फळी आहेच.”

मला त्या फळीवर परत बसायचं नव्हतं. चोवीस वर्षांचा होतो, ठाकुर्लीला खोली घेतली होती, आणि आपण पोलादात अक्षरं कापतो असं चार लोकांत सांगून झालं होतं. चारशे लोकांत म्हणा.

वर्ष संपत आलं तेव्हा कल्याणचे उमरशेठ फौंड्रीत आले. स्वातंत्र्याला चारपाच वर्षं झाली असतील. उमरशेठ केसांचं तेल काढायचे, ‘नसीम’ नावाचं. त्याचा वास असा, की बाटली कल्याणला उघडली तर ठाकुर्लीत माणसं शिंकत. तेल बोटीने बसरा, एडन, मोंबासा असं जायचं. त्यांनी जुनं लेबल टेबलावर ठेवलं. वर दगडावर छापलेली डौलदार अरबी ओळ, खाली कुठल्याशा छापखान्यातली इंग्रजी.

“बघा भाऊसाहेब,” उमरशेठ म्हणाले, “वर लग्नपत्रिका, खाली कोर्टाची नोटीस. घेणारा अरबी वाचतो, बंदरावरचा साहेब इंग्रजी वाचतो. तेल तर एकच आहे ना बाबा? मग त्याचं तोंड एक नको? असे खिळे करून द्या, की दोन्ही लिप्या एका आईच्या लेकरांसारख्या दिसतील. लेबल, भावपत्रक, पाकीट, सगळं त्यातच छापीन. पण अडीच महिन्यांनी बोट आहे. ती चुकली तर बसऱ्याचा अडत्या दुसऱ्याचं तेल घेईल.”

भाऊसाहेबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. “अरबी कोणाला येतं?”

आम्ही कामाला पाचजण. चौघं खाली बघू लागले. मी म्हणालो, “मला येतं थोडं.”

मला काय येत होतं ते सांगतो. कल्याणच्या दूधनाक्याकडच्या घरांतल्या तीनचार देगांवर, म्हणजे बिर्याणीच्या हंड्यांवर, मी उर्दू नावं घातली होती, कागदावरून बघून बघून, मुंग्या मोजाव्यात तशी. पण भाऊसाहेबांच्या तोंडावर जो दिलासा दिसला तो पाहून माझंच मला खरं वाटायला लागलं. “ठीक आहे,” ते म्हणाले, “ही तुझी परीक्षा. झालं तर कायम.” नाही झालं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. फळी मला माहीत होती.

अक्षरं काढून द्यायला उमरशेठनी मुन्शीजींना पाठवलं. मुन्शीजी कल्याणच्या शिळाछाप छापखान्यात कातिब होते, म्हणजे सुंदर अक्षरात मजकूर लिहून देणारे. मूळचे लखनौकडचे, वीस वर्षं कल्याणात. पांढराशुभ्र अंगरखा, कानावर बोरू, आणि बोलणं इतकं कमी, की एक शब्द ऐकायचा तर आधी दोन कप चहा. त्यांनी बोरूने अक्षरं काढली आणि मी भिंतीवर टांगली. भिंत एकदम श्रीमंत दिसायला लागली.

अडचण अशी, की या दोन लिप्यांचं कशातच जमत नाही. इंग्रजी अक्षरं रेशनच्या रांगेत उभी, एकमेकांना न शिवता. अरबी अक्षरं हात धरून चालणारी, आणि त्यातलं एकेक अक्षर शब्दाच्या सुरुवातीला एक रूप घेतं, मध्ये दुसरं, शेवटी तिसरं, एकटं असलं की चौथं. आमचे तात्या घरी, कचेरीत, सासुरवाडीत आणि एकटे असताना चार वेगवेगळे तात्या असत, तसंच. त्यातून इंग्रजीची उभी रेघ जाड आणि आडवी बारीक; अरबीची आडवी जाड, उभी बारीक. शेजारी ठेवली की एक पहाऱ्यावरचा शिपाई आणि एक लोडाला टेकलेला जहागीरदार.

मी काय केलं, शिपायाला थोडा बुटका केला, जहागीरदाराला थोडं सरळ बसवलं, दोघांची उंची एक केली आणि म्हटलं, झाले भाऊ. इंग्रजीचे पंच दीड महिन्यात उरकले. मग अरबी घेतलं, आणि इथे माझ्या डोक्यात विजेसारखा एक विचार चमकला. आपली अक्षरं डावीकडून उजवीकडे जातात, म्हणून पंच उलटा कापावा लागतो. अरबी उजवीकडून डावीकडे जातं, म्हणजे ते मुळातच उलटं आहे. मग ते आणखी उलटं कशाला करायचं? जसं दिसतंय तसं कापावं.

वाचक हसताहेत, हसू देत. पण त्या दिवशी ठाणे खाडीच्या अलीकडे माझ्याइतका शहाणा माणूस नव्हता. काम तर असं पळायला लागलं की विचारू नका. मुन्शीजींचं चित्र समोर, पंच शेजारी, दोन्ही सारखे दिसले की झालं. एरवी पंच दिव्याच्या काजळीत धरून कागदावर टेकवायचा, म्हणजे छापल्यावर अक्षर कसं दिसेल ते कळतं. पण मुन्शीजी आले की अंगरख्याला काजळी लागेल म्हणून लांबून म्हणत, “रहने दीजिए, सीधा दिखाइए.” मी पंचाचं टोक भिंगाखाली धरायचो, ते वाकून बघायचे, अक्षर सुलटं दिसायचं, ते म्हणायचे, “वाह.” त्यांना वाटलं, पुढचं उलटसुलट हा कारागीर जाणतो. मला वाटलं, हा विद्वान वाह म्हणतोय म्हणजे प्रश्न मिटला. भाऊसाहेब विचारायचे, “मुन्शीजींनी पाहिलं?” मी म्हणायचो, “वाह म्हणाले.” तिघंही एकमेकांच्या भरवशावर निर्धास्त.

फक्त धर्मा निर्धास्त नव्हता. धर्मा मानपाड्याचा, शेतीवाल्या घरातला, आमच्याकडे शिसं ओतायचा. त्याला दोन्ही लिप्या सारख्याच येत, म्हणजे येत नसत. त्याने ओतलेले खिळे तळहातावर घेतले.

“दत्तू, यो खिला त्या भितीवरच्या चित्रासारकाच दिसतंय,” धर्मा म्हणाला. “इंग्रजीचं खिलं तं उलटं दिसतान. आसा कसा?”

मी त्याला सगळं तत्त्वज्ञान समजावून सांगितलं. ती लिपी मुळातच उलट्या दिशेने कशी जाते, वगैरे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“मंग ती मानसा मागंमागं चालतान का?”

“तुला नाही कळायचं.”

“मना काय, तू देशील ता वतीन,” म्हणत धर्मा भट्टीकडे गेला. जाताना दोन पावलं मागंमागं चालून दाखवली.

बोटीला पंधरा दिवस होते तेव्हा पहिला ठसा काढला. भाऊसाहेब, मुन्शीजी, उमरशेठ, सगळे टेबलाभोवती. उमरशेठनी तेलाची एक भरलेली बाटलीही आणली होती, लेबल कसं बसतं ते बघायला. कागद उचलला. इंग्रजी सुरेख. भाऊसाहेब खूष. मुन्शीजींनी अरबी ओळीवर नजर टाकली आणि चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला. मग हळूहळू त्यांचा चेहरा अंगरख्यासारखा पांढरा झाला.

“ये तो आईना है,” ते म्हणाले.

उमरशेठनी कागद हातात घेतला, फिरवला, खाली डोकं वर पाय करून पाहिला. “भाऊसाहेब,” ते इतक्या हळू बोलले की ओरडले असते तर बरं झालं असतं, “हे वाचायला माझ्या गिऱ्हाइकाने काय आरशापुढे बसून तेल लावायचं?”

भाऊसाहेब माझ्याकडे वळले. “तुला अरबी येतं म्हणालास.”

“थोडं,” मी म्हणालो.

त्या क्षणी मला बाजारपेठेतली फळी इतकी स्पष्ट दिसली, की तिच्यावरची धूळही मोजली असती. अरबी पुन्हा नीट कापायचं तर निदान दोन महिने, आणि बोट पंधरा दिवसांवर.

पुढे जे झालं ते मी चाळीस वर्षं माझ्या नावावर खपवलं. माझ्या लग्नात सांगितलं, व्याह्यांना सांगितलं, दोनदा सत्यनारायणाच्या पूजेलाही सांगितलं. आता धर्माचा नातू हे वाचणार आहे, तेव्हा खरं लिहितो. धर्माने पुढे होऊन कागद उचलला आणि खिडकीच्या उजेडात धरला, छापील बाजू बाहेर.

“शेट, कागुद मागून बगा,” तो म्हणाला.

कागद पातळ होता. मागच्या बाजूने अरबी ओळ आरपार दिसत होती, सुलटी, ठसठशीत. मुन्शीजींनी मान पुढे काढून वाचलं, “नसीम.” मग इंग्रजीकडे बघून धर्मा म्हणाला, “आता ही उलटी झाली. कापून टाका तिला.”

उमरशेठ उठले. कागदातली अरबी ओळ फाडून घेतली, डिंकाचं बोट फिरवलं आणि बाटलीच्या पाठीमागे चिकटवली, छापील बाजू बाहेर ठेवून. मग बाटली फिरवून समोरून पाहिलं. गोल बाटली, आत पिवळं तेल, आणि तेलाच्या पलीकडे ती अक्षरं भिंगाखाली धरावीत तशी फुगून, सोन्यात बुडवल्यासारखी तरंगत होती. बाटली जरा हलवली की अक्षरंही हलायची. मी आजवर लाखभर अक्षरं पाहिली असतील. इतकी लाडात आलेली पाहिली नाहीत.

“या अल्ला,” उमरशेठ म्हणाले. “हे कोणाच्याच बाटलीवर नाही.”

इंग्रजीची बारीक पट्टी बाटलीच्या गळ्याशी लावायची असं भाऊसाहेबांनी सुचवलं, म्हणजे समोरची काचेची खिडकी मोकळी राहील. बोट गेली. तिकडून चिठ्ठी आली, की माल हातोहात गेला आणि लोक तेल लावण्याआधी बाटली उन्हात धरून बसतात. माझ्या हिशेबाने निम्म्या अरबस्तानाची मान त्यामुळे एका बाजूला कलली, पण हे चार आण्यांतलं.

मी दुसऱ्या दिवशी छाती काढून फौंड्रीत गेलो. भाऊसाहेबांनी टोचणीसुद्धा हातात घेऊ दिली नाही.

“बाटली वाचली,” ते म्हणाले, “तू अजून वाचला नाहीस. ते नशीब होतं, काम नव्हतं. खोटं बोललास आणि चुकलास. अरबी पुन्हा काप. दसऱ्यापर्यंत वेळ देतो. मुन्शीजी पास करतील तर राहशील. नाही तर माझ्या ओळखीच्या चार दुकानांत सांगतो, भांडी पाठवतील.”

मुन्शीजी कोपऱ्यात उभे होते. म्हणाले, “ग़लती मेरी नज़र की भी है.” आणि मला म्हणाले, “कल से घर आइए. लोहा मत लाइए.”

मग तीन महिने मी कामावरून सुटलो की कल्याणला मुन्शीजींच्या ओटीवर जाऊन बसायचो. पंच नाही, कानस नाही, नुसता बोरू आणि दौत. पहिले आठ दिवस त्यांनी मला नुसते ठिपके काढायला लावले. बोरू तिरका टेकवायचा, की शंकरपाळ्यासारखा चौकोन उमटतो. त्यांच्याकडे सगळ्या अक्षरांचं माप या ठिपक्यात. हे अक्षर इतके ठिपके उंच, त्याची वाटी इतके ठिपके रुंद. मी इतके ठिपके काढले, की शेजारणीने पापड वाळत घातले तरी मला ते मोजल्याशिवाय राहवेना.

एके दिवशी ते नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला उठले तेव्हा मी गंमत म्हणून त्याच बोरूने, त्याच तिरक्या धारेने इंग्रजी अक्षरं लिहिली आणि ठिपक्यांनी मापली. ते परत आले, कागदावर वाकले.

“ये कौन है?” त्यांनी एस या अक्षरावर बोट ठेवून विचारलं.

“इंग्रजी स.”

“इसका पेट हमारे घर का लगता है.”

तेव्हा मला कळलं, की पहिल्या संचात मी दोन परक्या माणसांची नुसती उंची सारखी केली होती. दोघांना एकाच बोरूतून काढायला हवं होतं. मी इंग्रजीसुद्धा पुन्हा कापायला घेतलं. उभ्या रेघा बारीक झाल्या, आडव्यांना अंग आलं, ओ तिरका बसला, आरचा पाय वाऱ्यावर उडाला. भाऊसाहेबांनी एकदा डोकावून पाहिलं आणि म्हणाले, “हा ए आहे की तालमीत लचक भरलेला गडी?” मी कापत राहिलो. अरबी अक्षरांचे हात मात्र आता ओळीवर बरोबर एकमेकांत जात होते, केसभरही फट नाही. आणि प्रत्येक पंच काजळीत धरून कागदावर टेकवत होतो. अंगरख्याची पर्वा न करता मुन्शीजी जवळ बसून बघत. त्यांच्या बाहीवर एकदा काळा डाग पडला. त्यांनी तो पाहिला आणि बाही दुमडली.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. उमरशेठनी हा नवा संच लेबलाला कधी वापरला नाही. गिऱ्हाइकाला ती बाटलीतली खिडकीच हवी होती. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम दोन भावपत्रकांत आणि एका पाकिटावर छापलं गेलं, आणि सगळ्यात वाईट काम समुद्रापार गेलं. पुढे कधीतरी नव्या संचाचं शिसं वितळवून दुसरे खिळे ओतले. त्या दिवशी मी रजा घेतली होती.

तर दसऱ्याआधीचा दिवस. धर्माने खिळे ओतून दिले, तेही चित्राशी ताडून, “आता बराबर उलटं दिसतान,” असा दाखला देऊन. मी स्वतः ओळ जुळवली. लांबलचक एकच ओळ. डाव्या अर्ध्यात इंग्रजी, उजव्या अर्ध्यात अरबी, मजकूर तोच: तेलाचं नाव, मालकाचं नाव, गावाचं नाव. ठसा टेबलावर पसरला. भाऊसाहेबांना अरबी येत नव्हतं, मुन्शीजींना इंग्रजी. भाऊसाहेब डाव्या टोकाला भिंग घेऊन वाकले, मुन्शीजी उजव्या. दोघांची बोटं ओळीवरून सरकायला लागली, आणि दोघं पुटपुटत वाचत वाचत मध्याकडे यायला लागले. मी भिंतीला टेकून उभा होतो. भिंत नसती तर तसाच मागे ठाणे स्टेशनापर्यंत गेलो असतो.

“कल्याण,” दोघं एकदमच म्हणाले, आणि टाळक्याला टाळकं लागलं.

“माफ़ कीजिए,” मुन्शीजी म्हणाले.

“नाही नाही, माझंच,” भाऊसाहेब चष्मा सावरत म्हणाले. “पुन्हा बघा तुम्ही. शांतपणे बघा.” आणि बाजूला झाले.

मुन्शीजींनी पुन्हा उजवीकडून सुरुवात केली. बोट कागदावर, ओठ हलताहेत. नसीम झालं, उमरशेठचं नाव झालं, कल्याण झालं. बोट थांबलं नाही. तसंच इंग्रजीत शिरलं आणि त्याच चालीने चार अक्षरं पुढे गेलं. पुढचा शब्द वाचायला मुन्शीजींनी तोंड उघडलं, तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं, की हे आपल्याला वाचता येत नाही. त्यांनी बोट उचललं, माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. एरवी एका शब्दाला दोन कप चहा लागणारा माणूस तो. अंगरखा हलेपर्यंत हसला.

भाऊसाहेबांनी ते सगळं पाहिलं होतं. कागदाची घडी करून त्यांनी ती खिशात ठेवली आणि भिंग पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाले, “दत्तू, उद्या दसरा. परवापासून देवनागरी घे. त्यातला अ मला कधीच आवडला नाही.”

फौंड्रीचा देवनागरी संच भाऊसाहेबांनी स्वतः कापलेला. त्याच्या खणाला दुसऱ्या कोणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. मी ताठ उभा राहून म्हणालो, “मलाही तो आवडत नाही.” धर्माचं म्हणणं, मी असलं काही बोललो नाही, तिथेच खाली बसलो आणि पाणी मागितलं. पाणी त्यानेच आणून दिलं होतं, तेव्हा त्याचं खरं धरायला हरकत नाही.